केळीच्या बागेतली काळी नळी

सुकलाल, पेपरात तुझ्यावर चार ओळी आल्या आहेत. वर फोटो आहे, कॉलरचं वरचं बटण लावलेला, केस चापून बसवलेले. तो तू आहेस हे मला खालचं नाव वाचून कळलं. धुळ्याचे जुने हार्डवेअर व्यापारी, मनमिळाऊ स्वभावाचे, पश्चात पत्नी, दोन मुली, नातवंडं. मनमिळाऊ! गिऱ्हाईक पायरी चढून काही सांगायला लागलं की ‘वस्तू दाखवा, गोष्ट नको’ म्हणून त्याला गप्प करणारा तू. माझ्याशी तर शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून वाकडं बोलण्याखेरीज काही केलं नाहीस. त्या चार ओळींनी माझं काही भागत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि जे बोलायचं ते तू समोर असताना पाच वर्षं माझ्या तोंडातून निघालं नाही. म्हणून आता शाळेची वही घेऊन बसलोय.

पहिल्यापासून सांगतो. तुला बरंचसं माहीत आहे, पण मास्तरकी हाडात मुरलेली, मधूनच सुरुवात करायला जमत नाही.

माझ्या वकील मामांना मूलबाळ नव्हतं. ते गेले तेव्हा अमळनेरचं घर पुतण्यांनी घेतलं आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. काळी, विलायती बनावटीची, गोल दिव्यांची, आणि छपराला सरकती खिडकी. आपल्याकडे मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावला तर फोड येतो, तिथं छपराला खिडकी! मामांनी ती काय म्हणून पसंत केली देव जाणे. मी हायस्कूलचा सायन्सचा मास्तर, सायकलवर शाळेत जाणारा. पण विकायचं मनात आलं नाही. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या होत्या. मामांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, मीही म्हणायचं नाही असं ठरवलं. पोरीची पाठवणी मामांच्या गाडीतून करायची, ही आमच्या भागाची रीतच पडून गेली होती.

त्या गाडीचं एकच दुखणं होतं. छपराच्या खिडकीभोवती पत्र्याची पन्हळ होती. फटीतून जे पाणी आत येईल ते तिच्यात जमायचं, आणि पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार रबरी नळ्या होत्या. त्या दारांच्या बाजूच्या पोकळ खांबांमधून खाली उतरायच्या आणि गाडीच्या पोटाखाली पाणी सोडायच्या. विलायतेत कुणीतरी फार डोकं लढवलं होतं, पण त्या माणसानं आपलं ऊन पाहिलं नव्हतं. वीस-पंचवीस उन्हाळ्यांत तो रबर करपलेल्या भाकरीसारखा झाला. बोट लावलं की तुकडा पडायचा. मग पाणी खांबातच पाझरायचं, गादी भिजायची, पायाखालचा पत्रा गंजायचा.

मी मुंबईच्या दुकानांना पत्रं लिहिली. विलायतेतल्या कंपनीलाही लिहिलं, इंग्रजी दोनदा तपासून. उत्तर आलं की ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, नळ्या मिळणार नाहीत, आपल्याला आमच्या गाडीबद्दल वाटणाऱ्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. ते पत्र खिशात आणि जुन्या नळीचा वीतभर तुकडा रुमालात बांधून मी एसटीनं धुळ्याला तुझ्या दुकानात आलो. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल ही.

पत्र तू हातातसुद्धा घेतलं नाहीस. तुकडा घेतलास, अंगठ्यानं दाबलास, नाकाजवळ नेलास, आणि डोळे मिटून उभा राहिलास. तुझी ती सवय सगळ्या जिल्ह्याला माहीत होती. साक्री-शिरपूरहून माणसं हातात काहीबाही मोडकं घेऊन यायची. पंपाचा वायसर, शिलाई मशीनचा पट्टा, दळणाच्या चक्कीची कसलीशी कडी. कंपनीनं हात वर केलेले असायचे. तू ते अंगठ्यानं चाचपायचास आणि मग फळीवरचा असा काहीतरी डबा उघडायचास की ज्याचा त्या वस्तूशी बापजन्मी संबंध नसावा. आणि आतली वस्तू तिथं चपखल बसायची. लोक म्हणायचे, सुकाभाऊच्या अंगठ्याला डोळा आहे.

मी मात्र म्हटलं की मला सारखीच नळी हवी, ओरिजिनल ते ओरिजिनल. तू डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्या दुकानात उधारी मागायला आलोय.

‘‘पानीले कंपनी समजत नही, मास्तर. उतार समजस.’’

झालं. तिथून जो वाद सुरू झाला तो आपण कधी संपवलाच नाही. मी म्हणायचो, ज्यानं गाडी बनवली त्यानं विचार करून माप ठरवलेलं असतं. तू म्हणायचास, त्यानं त्याच्या गावचा विचार केला, आपल्या गावचा आपल्याला करावा लागतो. मी तुला अडाणी म्हणायचो, तू मला कागदी. तुझ्याकडच्या त्या पातेल्यात उकळून काळ्या झालेल्या चहावर आपण या एका गोष्टीवरून किती दुपारी घालवल्या असतील!

पहिल्यांदा तू गवंडी लोक लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी दिलीस. एका उन्हाळ्यात ती पिवळी पडली, कडक झाली आणि वळणावर मोडली. मग गॅसच्या शेगडीची नळी, ती खांबातच शिरेना. फवारणीच्या पंपाची आणलीस, तर गाडीत औषधाचा वास भरला आणि माझी बायको म्हणाली, या गाडीत मी बसायची नाही. मी दर वेळी तुला ऐकवायचो, बघ, म्हणून मी ओरिजिनल म्हणत होतो. तू चिडायचा नाहीस. ‘‘अजून सापडली नाही, एवढंच,’’ म्हणायचास.

सापडली ती तुझ्या सासुरवाडीला. रावेरकडे वहिनींच्या भावाची केळीची बाग. त्या सुमारास तिकडे ठिबकच्या काळ्या नळ्या नव्यानं येत होत्या. तू लग्नकार्याला म्हणून गेलास आणि पाहुण्यांना मांडवात सोडून बागेत जाऊन नळ्या चाचपत बसलास. मेहुण्याला न विचारता त्याच्या बागेतली नळी कापून घेतलीस. त्यावरून त्यानं सहा महिने तुझ्याशी अबोला धरला होता. नळीचं वेटोळं गळ्यात अडकवून तू थेट अमळनेरला माझ्या दारात उतरलास, धुळ्याला घरीसुद्धा गेला नाहीस. म्हणालास, ही उन्हातच जगायला जन्मलेली आहे, मास्तर. माझी बायको हसून हसून बेजार झाली.

ते दोन दिवस मला अजून लख्ख दिसतात. नळी ताठ होती, वळणावर चिमटायची. तू ती कोरड्या वाळूनं गच्च भरलीस, दोन्ही तोंडं बंद केलीस, मग उकळत्या पाण्यात धरून हवी तशी वाकवलीस आणि थंड झाल्यावर वाळू काढून टाकलीस. नळी वळली होती, पण आतून तिळभरही चेपली नव्हती. मी पोरांना वर्षानुवर्षं प्रसरण-आकुंचन शिकवत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. खांबातून ओढायला सायकलच्या ब्रेकची तार, नळीला साबण. मी वर छपरावर, तू खाली जमिनीवर उताणा, आणि दोघंही एकमेकांना शिव्या घालत होतो. संध्याकाळी पाणी ओतून पाहिलं. चारही कोपऱ्यांचं पाणी खाली आलं. तू गाडीखालून बाहेर आलास, तोंड चिखलानं माखलेलं, आणि मी तुला म्हटलं, ‘‘बरी दिसते.’’ बरी दिसते! एवढंच म्हणालो, सुकलाल. तेव्हाच तुला मिठी मारायला हवी होती. तुझ्यासमोर हरलो असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

दोन पावसाळे थेंब आत आला नाही.

आता पुढचं.

आमच्या घराच्या मागं जिनिंगची भिंत आहे, तुला माहीत आहे. कापसाची पिंज उडून येते, वर उन्हाळ्यातला फुफाटा. आणि त्या कुंभारमाश्या, भोक दिसलं की त्यात चिखलाचं घर बांधणाऱ्या. आपल्याकडे कुठंही भोक दिसलं की माणूस काय करतो? कापसाचा बोळा कोंबतो. माझ्या आजीनं जात्याच्या भोकापासून भिंतीच्या भोकापर्यंत सगळ्या घराला बोळे घातले होते. एका फाल्गुनात मी गाडीखाली शिरलो आणि चारही नळ्यांच्या खालच्या तोंडात कापसाचे बोळे घातले. साधे नव्हेत. माशी बसू नये म्हणून एरंडेलात भिजवून, पेचकसानं आत दाबून, गच्च. मनाशी म्हटलं, पावसाळ्याआधी काढू.

त्याच वैशाखात माझ्या उषाचं लग्न झालं.

तू दोन दिवस आधीच आला होतास. मांडवाच्या दोऱ्या तूच आवळल्यास, आचाऱ्याच्या भट्टीचा नळ बसत नव्हता तो तूच बसवलास. पारोळ्याचे पाहुणे, मोठं घर, उषाच्या सासूबाई जरा करारी. पाठवणीला गाडी फुलांनी सजवून मांडवापुढं उभी होती. जेवणावळी उठत होत्या आणि वळवाचा पाऊस आला. अर्धा तास, पण आभाळ फाटल्यासारखा. मग उघडलं, ऊनही पडलं. उषा गाडीत बसली, शेजारी तिच्या सासूबाई. बायका रडत होत्या. गाडी निघाली आणि कोपऱ्यावर बैलगाडी आडवी आली म्हणून ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

अर्धा तास पन्हळीत साठलेलं सगळं पाणी एकदम आत आलं. थेंब थेंब नव्हे, बादली पालथी केल्यासारखं. गंजाचं, कापसाचं, लाल-काळं पाणी. उषाच्या शालूवर, विहीणबाईंच्या डोक्यावर. विहीणबाई खाली उतरल्या. पदर पिळला आणि जाऊन जीपमध्ये बसल्या. उषाला ओल्या शालूवर तसंच त्या जीपमध्ये नेलं. मागं कुणीतरी बाई ‘काय हा अपशकुन’ म्हणाली, ते मला ऐकू आलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तू धावत आला होतास. धुतलेल्या धोतरानिशी तू त्या चिखलात गुडघे टेकलेस आणि गाडीखाली वाकायला लागलास. नळीची तोंडं पाहायला. आणखी दोन विती वाकला असतास तर तुला बोळे दिसले असते. मी तुझा दंड धरून तुला ओढून उभं केलं. दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, आमच्या हेडमास्तरांसमोर, गल्लीतल्या चारचौघांसमोर मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

‘‘केळीच्या बागेतली नळी तू माझ्या गाडीत घातलीस. तुझ्या जुगाडानं माझ्या पोरीच्या पाठवणीचा तमाशा केला. आता हात लावू नकोस.’’

तू मला उलट बोलला नाहीस. जन्मभर मला एका वाक्याला दोन वाक्यं देणारा तू. गुडघ्याचा चिखलसुद्धा झटकला नाहीस. ‘‘मनंच काहीतरी चुकनं व्हई,’’ अशी चूक स्वतःकडे घेत जेमतेम ऐकू येईल असं म्हणालास आणि बाजूला जाऊन उभा राहिलास. संध्याकाळच्या एसटीनं गेलास. मांडव सोडायला थांबणार होतास, थांबला नाहीस.

आठ दिवसांनी मी गाडीचा तळ वाळवायला पायपुसणी काढली आणि खाली शिरलो. चारही बोळे जागच्या जागी होते, पाण्यानं फुगून आणखी घट्ट झालेले. एक ओढून काढला, तसं राहिलेलं पाणी माझ्या तोंडावर आलं. मी तिथंच पडून राहिलो, सुकलाल. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार तुझा आला नाही. पहिला विचार आला की हे कुणी पाहिलं तर नाही ना. उठलो, चारही बोळे बंबात टाकले आणि हात धुतले. घरात बायकोलाही सांगितलं नाही.

नंतर वाटलं, सांगू. पुढच्या शनिवारी सांगू. शनिवारी शाळा सकाळची, दुपारी एसटी, तुझं दुकान. महिन्याभरानं आलो तेव्हा तू नेहमीसारखा चहा मागवलास. उषा कशी आहे विचारलंस. विहीणबाई बोलतात का तिच्याशी विचारलंस. मी म्हटलं, बोलतात, आता हसण्यावारी नेतात. तुझा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तेवढ्यात एक म्हातारी आली. फवारणीच्या पंपाची कसलीशी रबरी चकती होती तिच्या हातात, झिजून पातळ झालेली. म्हणाली, सुकाभाऊ, कंपनीवाला नाही म्हणतो, तूच बघ. तू चकती हातात घेतलीस. अंगठा तिच्यावरून फिरला. डोळे मिटलेस. आणि मग उघडलेस, चकती तिच्या हातात परत ठेवलीस आणि म्हणालास, ‘‘मावशी, ओरिजिनलच घ्या. जळगावला मिळेल.’’

माझंच वाक्य तू बोलत होतास. ती बाई तुझ्याकडे पाहत राहिली, मग पायऱ्या उतरून गेली. मी चहाचा घोट घेतला.

तिथून पुढं तू तेच केलंस. माणसं साक्री-शिरपूरहून येत राहिली, मग यायची कमी झाली, मग थांबली. दुकान चालायचं. खिळे, कड्या, कुलपं, रंग, सगळं चालायचं. फक्त तू फळीवरचे डबे उघडायचा बंद झालास. बाजारात लोक म्हणायला लागले, सुकाभाऊचा हात गेला. मी ऐकायचो. मला एका वाक्यात तो हात परत देता आला असता. मूग गिळून बसलो.

का? मला विचार ना. मी स्वतःला रोज विचारतो. मुलांना मी खोटं बोललं म्हणून ओणवं उभं करत आलो. ज्याच्यावर सगळ्या गावासमोर आग पाखडली त्याच्यापुढं जाऊन ‘चूक माझी होती’ म्हणायचं, म्हणजे त्याच सगळ्या गावासमोर म्हणायला लागलं असतं. एकट्यात सांगून भागलं नसतं, हे मला कळत होतं, आणि म्हणून एकट्यातही सांगितलं नाही. आणि सांगू का, आतून कुठंतरी बरंही वाटत होतं. ओरिजिनलचा वाद मी जिंकला होता. तू ‘ओरिजिनलच घ्या’ म्हणत होतास. मेल्याहून मेल्यासारखं होतं मला हे लिहिताना, पण होतं खरं.

गाडी मी नंतर कुणालाच दिली नाही. नळ्या मात्र तुझ्याच आहेत आत. अजून पाणी खाली सोडतात.

गेल्या महिन्यात तू दवाखान्यात होतास. पोटाचं दुखणं, डॉक्टर काही नीट सांगत नव्हते, आणि तुझा चेहरा एवढा लहान झाला होता की मी दारात क्षणभर थबकलो. मनाशी ठरवून आलो होतो, आज बोलायचंच. वहिनी औषध आणायला खाली गेल्या. खोलीत आपण दोघंच. मी तोंड उघडायच्या आत तूच बोललास.

‘‘मास्तर, ती नळी कोठे दुमडनी व्हती, माले आजूनबी समजनं नही. वाळू तं मी गच्च भरी व्हती.’’

पाच वर्षांनी, सलाईन लावलेल्या हातानं हवेत ते वळण काढून दाखवत होतास. हे इथून आली, हे इथं वळवली. माझ्या घशापर्यंत आलं होतं, सुकलाल. बोळा एवढा एकच शब्द म्हणायचा होता. आणि मी काय केलं? तुझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘जाऊ दे रे. जुनं झालं. मी केव्हाच विसरलोय, तूही मनातून काढून टाक.’’

मी तुला माफ केलं! ज्यानं गुन्हा केला त्यानं ज्याच्यावर केला त्याला माफ केलं. आणि तू, जन्माचा खवट माणूस, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘तुनं मन मोठं शे,’’ म्हणालास. वहिनी परत आल्या आणि मी उठून आलो. चार दिवसांनी तुझ्या मुलीचा शाळेत फोन आला.

काल दुखवट्याला तुझ्या दारावर आलो होतो. ओट्यावर सतरंजी, माणसं टेकून बसलेली, त्यांत उषाच्या लग्नातले पाच-सहा जण होते. आमचे हेडमास्तरही होते, आता रिटायर झालेले. तुझ्या हाताबद्दलच बोलणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, काय हात होता, पण शेवटी शेवटी गेला, मास्तरांच्या घरच्या त्या लग्नापासून. तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, हात गेला नव्हता. नळी चांगली होती. नळ्यांच्या तोंडात कापसाचे बोळे मी घातले होते, काढायला मी विसरलो, आठ दिवसांनी मलाच सापडले आणि मी ते जाळून टाकले. चूक माझी होती, सुकलालची नव्हती. सगळं नीट बोललो, वर्गात बोलतात तसं, मागच्या माणसाला ऐकू जाईल असं.

मग हेडमास्तरांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाले, असा मित्र पाहिजे. गेलेल्या माणसाचा दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यायला काळीज लागतं. बाकीचे माना डोलवायला लागले. मी म्हटलं, अहो, मी खरं सांगतोय. ते म्हणाले, हो हो, बसा तुम्ही, पाणी घ्या. एकानं तर डोळे पुसले. तुझ्या दारात बसून, तुझ्या नावावरचा डाग पुसायला गेलो, आणि तो डाग तसाच राहिला. वर मीच मोठा ठरलो. तिथून उठून पळावंसं वाटलं.

माणसं पांगल्यावर वहिनी आतून आल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. एकट्या त्यांनी मला पाणी प्या म्हटलं नाही. माझ्याकडे पाहत म्हणाल्या, ‘‘खरं शे का ते?’’

मी म्हटलं, खरं आहे.

‘‘मंग त्या व्हतात तवय काबर नही सांगं, भाऊ?’’

तू असताना का नाही, एवढंच त्यांनी विचारलं. त्या वळल्या आणि मागच्या पडवीकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेलो. तिथं भिंतीला एक फळी ठोकलेली आहे, पुरुषभर उंच. त्या फळीवर खिळ्यांच्या मधून ती काळी नळी वाकवून बसवलेली, माझ्या गाडीच्या खांबातल्या वळणांसारखीच हुबेहूब, वळणागणिक पेन्सिलीच्या खुणा. एक खूण खोडून दुसरी, दुसरी खोडून तिसरी. वर नरसाळं, खाली डबा. मला हे कधी दाखवलं नाहीस. मी पडवीत कधी आलोच नाही, दुकानातूनच परत जायचो.

वहिनींनी हंड्यातून तांब्या भरला आणि नरसाळ्यात रिकामा केला. पाणी खाली डब्यात पडलं, कुठं अडलं नाही.

‘‘रोज सकाळले सोडेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाच साल. रोज असंच पडे. तरी म्हनेत, मनंच कोठेतरी चुकनं, माले सापडत नही.’’